शब्दचर्चा : ‘सेव्हन चर्चेस’ हा थ्रॅश मेटल की डेथ मेटल?

चर्चाप्रस्ताव

पझेस्ड या कॅलिफोर्नियातील बँडचा ‘सेव्हन चर्चेस’ हा अल्बम ऑक्टोबर १९८५ मध्ये कॉम्बॅट रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. तो हेवी मेटल संगीताच्या थ्रॅश मेटल या शाखेत मोडतो की डेथ मेटल या शाखेत, हा वाद जगभर चालत आला आहे, आणि पुण्यातही मेटल ऐकणारे चौघे कुठे जमले की तो निघतोच. आम्ही काही मित्र सध्या जुन्या मेटल अल्बमांची एक टिपणवही मराठीत तयार करत आहोत. त्यात प्रत्येक अल्बमपुढे शैलीचे नाव लिहायचे असल्याने हा प्रश्न आता पुढे ढकलता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की या वादात संगीताइतकाच शब्दही गुंतलेला आहे, आणि ‘डेथ मेटल’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतो आहोत हे आधी ठरवले नाही, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात.

आपल्या व्याकरणात शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद सांगितले आहेत. ‘पंकज’ याचा यौगिक अर्थ चिखलात जन्मलेले असा आहे, परंतु चिखलात जन्मलेल्या प्रत्येक वस्तूला आपण पंकज म्हणत नाही. तो शब्द कमळापुरता रूढ झाला आहे, म्हणून तो योगरूढ. ‘डेथ मेटल’ या शब्दाचा प्रवास मला नेमका असाच दिसतो. १९८४ साली नॉइझ रेकॉर्ड्स या जर्मन कंपनीने ‘डेथ मेटल’ याच नावाचा एक संयुक्त अल्बम काढला होता आणि त्यावर स्वित्झर्लंडच्या हेलहॅमरच्या बरोबरीने रनिंग वाइल्ड आणि हॅलोवीन हे बँडही होते. हॅलोवीनने पुढे ज्या प्रकारचे सुरेल, वेगवान, उंच पट्टीत गायलेले मेटल केले, त्याला आज कोणीही डेथ मेटल म्हणणार नाही. म्हणजे त्या साली हा शब्द एखाद्या ठरलेल्या शैलीचे नाव नव्हता. काहीतरी भयंकर, काळोखे, नेहमीच्या मेटलहून टोकाचे, एवढेच त्यातून सुचवायचे असे.

त्याच वर्षी पझेस्डने तीन गाण्यांची डेमो कॅसेट काढली आणि तिचे नावही ‘डेथ मेटल’ होते. त्या नावाचे गाणे पुढे ‘सेव्हन चर्चेस’च्या शेवटी आले. बँडचे गायक आणि बेसवादक जेफ बेसेरा यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की हा शब्द त्यांना शाळेत इंग्रजीच्या तासाला सुचला, कारण ‘स्पीड मेटल’ आणि ‘ब्लॅक मेटल’ ही नावे आधीच कोणी ना कोणी घेतलेली होती. शब्द नेमका कोणाला प्रथम सुचला हा वेगळा विषय आहे आणि मी त्यात शिरत नाही, कारण १९८४च्या आसपास तो एकाच वेळी अनेक ठिकाणी वावरत होता एवढे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट आहे.

योगरूढ अर्थ पक्का झाला तो नंतर. फ्लोरिडातील डेथ या बँडचा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ १९८७ साली आला, मॉर्बिड एंजलचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ १९८९ साली, आणि स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला एन्टूम्ड या बँडचा ‘लेफ्ट हँड पाथ’ १९९० साली. या काळात ऐकणाऱ्यांच्या मनात डेथ मेटलची लक्षणे ठरत गेली. पोटातून आणि घशाच्या तळातून काढलेला, शब्द गिळणारा आवाज. खाली उतरवून लावलेल्या गिटारी. एकेका स्वरावर अतिजलद आघात करत पुढे सरकणारे रिफ, म्हणजे गिटारीवरच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ओळी. आणि ड्रमवरचे ब्लास्ट बीट, म्हणजे अखंड पडणारे अतिजलद ठोके. ही यादी हातात घेऊन आपण १९८५ सालचा अल्बम तपासतो, तेव्हा नंतर घट्ट झालेला अर्थ आधीच्या वस्तूला लावत असतो.

तरीही हा अल्बम डेथ मेटलमध्येच ठेवावा, असे माझे मत आहे. शेवटच्या गाण्याचे नाव ‘डेथ मेटल’ आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तो पुरावा मला मुळीच पुरेसा वाटत नाही. व्हेनम या इंग्लंडमधील बँडच्या १९८२ सालच्या अल्बमचे नावच ‘ब्लॅक मेटल’ आहे, आणि शैलीला नाव त्यावरूनच मिळाले. पण नॉर्वेतील बँडांनी १९९०नंतर त्या शब्दाला जो रूढ अर्थ दिला, त्या अर्थाने व्हेनमचा अल्बम ब्लॅक मेटल ठरत नाही. नावावरून शैली सिद्ध होत नाही, ती ऐकूनच ठरवावी लागते. माझा भर आहे तो दोन गोष्टींवर: बेसेरा यांचा आवाज आणि रिफची चाल. यावर इतरांची मते जाणून घ्यायला आवडतील.

प्रतिसाद, कोथरूडहून

प्रस्तावातील शब्दाचा इतिहास मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. हा अल्बम बे एरियाचा आहे, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या परिसरातला, जिथे एक्झोडस हा थ्रॅश बँड वाढला आणि लॉस एंजेलिसहून येऊन मेटॅलिका हा बँड स्थिरावला. एक्झोडसचा ‘बॉन्डेड बाय ब्लड’ही १९८५ सालचाच आहे. दोन्ही अल्बम एकामागून एक ऐकल्यावर पझेस्डच्या माइक सस यांचे ड्रम त्याच घरातले आहेत हे कोणाच्याही लक्षात येईल. स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा आघात एकआड एक पडत धावत राहतो, मध्येच वेग तुटतो, पुन्हा धाव सुरू होते, आणि हा सरळसरळ थ्रॅशचा ठेका आहे. ब्लास्ट बीटला या अल्बमच्या रचनेत स्थान नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्लेअर या बँडचा ‘हेल अवेट्स’ त्याच वर्षी, काही महिने आधी आला. त्यातही जलद आघातांनी सरकणारे लांबलचक रिफ आहेत, सैतान आणि नरक यांचाच विषय आहे, गाण्यांची बांधणीही अनेक तुकड्यांची आहे. त्या अल्बमला आपण बिनदिक्कत थ्रॅश म्हणतो. मग ‘सेव्हन चर्चेस’ला वेगळा न्याय का? फक्त गायकाचा आवाज जास्त खरखरीत आहे एवढ्यावर शैली बदलत असेल, तर ती शैली संगीताची नसून आवाजाची झाली. माझ्या मते आपण लिहिताना ‘थ्रॅश मेटल’ लिहावे आणि पुढच्या डेथ मेटलवर त्याचा मोठा प्रभाव पडला अशी टीप द्यावी. प्रभाव पडणे आणि त्या शैलीत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि शब्द वापरताना त्यांची गल्लत होऊ नये.

प्रतिसाद, कॅम्पातून

अल्बमच्या नावाविषयी थोडी माहिती द्यावीशी वाटते, कारण मराठीत लिहिताना काहींनी त्याचा अर्थ ‘सात गिरिजाघरे’ असा केलेला माझ्या वाचनात आला आहे. हा संदर्भ बायबलच्या शेवटच्या, ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातील आहे, आणि तिथे योहान आशियातील ज्या सात ठिकाणच्या लोकांना उद्देशून लिहितो, त्यांना मराठी बायबल ‘मंडळ्या’ म्हणते: इफिस, स्मुर्णा आणि पुढची पाच. इमारती तिथे अभिप्रेत नाहीत, श्रद्धावंतांचे समुदाय अभिप्रेत आहेत. टिपणवहीत नावाचे भाषांतर न करता ‘सेव्हन चर्चेस’ असेच ठेवावे, आणि अर्थ द्यायचाच झाला तर ‘सात मंडळ्या’ द्यावा.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

कॅम्पातील प्रतिसादाबद्दल आभार. ‘सात मंडळ्या’ हा अर्थ तसाच नोंदवून घेतो.

कोथरूडच्या आक्षेपातील ड्रमचा मुद्दा आधी घेतो. माइक सस यांचे ड्रम थ्रॅशचे आहेत हे पूर्ण खरे आहे. परंतु हीच कसोटी ‘स्क्रीम ब्लडी गोर’ला लावून पाहावी. त्यावरील क्रिस रायफर्ट यांचे वादनही मुख्यतः याच धावत्या ठेक्यावर चालते आणि ब्लास्ट बीट हा त्या अल्बमचाही आधार नाही. तरीही त्या अल्बमला थ्रॅश म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. दोन्ही अल्बमांचे निर्माते रँडी बर्न्स होते, त्यामुळे ध्वनीची तुलना करणेही सोपे जाते. ड्रमच्या कसोटीवर पहिला अल्बम बाहेर काढायचा असेल, तर दुसराही काढावा लागेल, आणि मग डेथ मेटलचा आरंभ १९८९पर्यंत पुढे ढकलावा लागेल. इतकी किंमत देण्याइतकी ती कसोटी मोलाची आहे असे मला वाटत नाही.

‘हेल अवेट्स’चा आक्षेप मात्र खरोखर कठीण आहे आणि त्याचे उत्तर सावकाश द्यायला हवे. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्यांना भूप आणि देशकार यांतील भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. कागदावर स्वरांची यादी केली तर दोन्ही एकच दिसतात. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकाराचा धैवत. भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो, देशकार उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, दुसरा सकाळी. भातखंडे यांनी तर भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावल थाटात. सामग्री एकच असताना वजन कुठे पडते, गाणारा कुठे थांबतो आणि कुठे परत येतो, यावरून राग ठरतो.

‘हेल अवेट्स’ आणि ‘सेव्हन चर्चेस’ यांची सामग्री पुष्कळशी एक आहे, हे कोथरूडच्या मित्रांचे निरीक्षण बरोबर आहे. फरक वजनाचा आहे. स्लेअरच्या त्या अल्बमवर गायक टॉम अराया ओरडतात, पण त्या ओरडण्याला वाक्याचा आकार असतो. शब्द धारेने पुढे येतात, आणि मधूनमधून उंच किंकाळी येते ती जुन्या हेवी मेटलची आठवण ठेवणारी असते. आवाज रिफच्या वर उभा राहतो. पझेस्डमध्ये आवाज रिफच्या आत उतरतो. बेसेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत घसा खाली दाबूनच गातात, उंचावर विसाव्याला जात नाहीत, आणि त्यामुळे त्यांचा आवाज गिटारीच्या खरखरीचा एक थर होऊन बसतो. कोथरूडचा प्रश्न होता की आवाजावरून शैली बदलली तर ती शैली संगीताची राहिली का? माझे उत्तर असे की आवाज हा संगीताचाच भाग आहे, आणि डेथ मेटलने मेटलमध्ये केलेला सर्वांत मोठा बदल नेमका हाच आहे, की गायनाचे काम वाद्याकडे सरकले. तो बदल ‘हेल अवेट्स’वर सुरू झालेला नाही, ‘सेव्हन चर्चेस’वर तो पहिल्या गाण्यापासून पूर्ण झालेला आहे.

रिफबद्दलही असेच म्हणता येईल. थ्रॅशच्या रिफचा प्राण तळहाताने दाबून ठेवलेल्या जाड तारेवरच्या तुटक आघातांत असतो. त्या आघातांतूनच मान हलवायला लावणारा झोका तयार होतो. पझेस्डकडे हे आहे, नाही असे नाही. परंतु त्यांचे लक्षात राहणारे रिफ निराळे आहेत: न दाबलेल्या तारेवर अखंड आघात करत, जवळच्या जवळच्या अर्धस्वरांवरून घसरणारी एकच ओळ, जिला कोणत्या स्वरावर टेकायचे हे ऐकणाऱ्याला आधी कळत नाही. या ओळीला झोका नसतो, ती वळवळत पुढे जाते. लॅरी लालोंड आणि माइक टोराओ या दोघा गिटारवादकांनी हा अल्बम वाजवला तेव्हा लालोंड वीस वर्षांचेही नव्हते; ध्वनिमुद्रण शाळेच्या ईस्टरच्या सुटीत उरकले होते. इतक्या कोवळ्या वयात असा कान तयार असणे मला आजही थक्क करते. पुढे लालोंड प्रायमस या अगदी निराळ्या वळणाच्या बँडमध्ये गेले, आणि त्यांचे तेथील गिटारवादन ऐकले की ‘सेव्हन चर्चेस’वरील सोलोंचा तिरकेपणा योगायोगाचा नव्हता हे पटते.

प्रतिसाद, निगडीहून

भूप-देशकाराचे उदाहरण समर्पक आहे, पण त्यात एक अडचण राहते. भूप आणि देशकार दोन्ही सिद्ध राग आहेत. १९८५ साली थ्रॅश ही शैली सिद्ध झाली होती, डेथ मेटल झाली नव्हती. जी शैली अजून अस्तित्वात नाही तिच्यात एखादा अल्बम कसा बसणार? म्हणून इंग्रजीत लिहिणारे ‘प्रोटो’ हा उपसर्ग लावतात. मराठीत आपण ‘आद्य डेथ मेटल’ लिहिले तर दोन्ही बाजूंचे समाधान होईल असे वाटते. किंवा मग सरळ ‘डेथ-थ्रॅश’ असा जोडशब्द वापरावा, जो अनेक ऐकणारे आजही वापरतात.

प्रतिसाद, कोथरूडहून

‘स्क्रीम ब्लडी गोर’च्या ड्रमविषयीचे म्हणणे मी पुन्हा ऐकून पाहिले आणि ते योग्य आहे; ड्रमच्या मुद्द्यावर मी आग्रह धरत नाही. स्लेअरविषयी मात्र माझे समाधान झालेले नाही. पुढच्या वर्षीचा ‘रेन इन ब्लड’ घेतला तर फ्लोरिडाच्या बँडांवर त्याचाही प्रभाव तितकाच पडला आहे, आणि तो अल्बम सर्वसंमतीने थ्रॅश आहे. त्यामुळे पुढे कोणी काय उचलले यावरून मागच्या अल्बमची शैली ठरवू नये, हा माझा मुद्दा कायम आहे.

‘आद्य’ या शब्दाला मात्र माझा विरोध आहे. मराठीत ‘आद्य’ म्हणजे त्या प्रकारातला पहिला आणि मान्यवर. वासुदेव बळवंत फडके यांना आपण आद्य क्रांतिकारक म्हणतो ते याच अर्थाने. ते पूर्णपणे क्रांतिकारक होते आणि पहिले होते, असे त्यातून म्हणायचे असते. ‘प्रोटो’चा अर्थ याच्या उलट आहे: अजून पुरता न घडलेला. ‘आद्य डेथ मेटल’ लिहिल्याने आमच्या बाजूचे समाधान होणार नाही, प्रस्तावकांचा मात्र पूर्ण विजय होईल.

प्रतिसाद, सदाशिव पेठेतून

विषयाला धरूनच एक छोटी शंका आहे. आपण सर्वजण ‘तो अल्बम’ म्हणतो, पण शैलीचे लिंग प्रत्येकाच्या लिहिण्यात बदलते. कोणी ‘डेथ मेटल ऐकला’ लिहितो, कोणी ‘ऐकले’. ‘संगीत’ हा शब्द अध्याहृत धरून नपुंसकलिंग वापरावे असे मी सुचवतो: थ्रॅश ऐकले, डेथ मेटल आवडले. टिपणवहीत निदान एकवाक्यता राहील.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

नपुंसकलिंगाची सूचना स्वीकारतो. मी स्वतः तसेच लिहीत आलो आहे.

‘आद्य’विषयी कोथरूडचे म्हणणे अर्थाच्या दृष्टीने अचूक आहे. मी शैली डेथ मेटल धरत असलो तरी हा शब्द मला नको आहे, कारण त्यातून पहिलेपणाचा दावा होतो, आणि हेलहॅमरपासून डेथच्या सुरुवातीच्या डेमो कॅसेटींपर्यंत इतके काही एकाच काळात घडत होते की पहिला कोण हे ठरवायला या चर्चेत आपण बसलेलो नाही. ‘पूर्व-डेथ मेटल’ हाही पर्याय मला पटत नाही. हे उपसर्ग लावताना आपण नकळत एक जिना गृहीत धरतो, की बँड आधी थ्रॅशच्या पायरीवर होते आणि मग डेथ मेटलच्या पायरीवर चढले. ब्राझीलच्या बेलो होरिझोन्ते शहरातील सेपुल्तुरा या बँडचा १९८६ सालचा ‘मॉर्बिड व्हिजन्स’ ऐकावा; तो कच्चा, खरखरीत आणि डेथ मेटलच्या फार जवळचा आहे, आणि त्याच बँडचा १९८९ सालचा ‘बिनीथ द रिमेन्स’ स्वच्छ, घोटीव थ्रॅश आहे. हा बँड उलट्या दिशेने चालत गेला. म्हणून निगडीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की शैली सिद्ध होण्याआधी तिची लक्षणे एखाद्या कृतीत एकत्र येऊ शकतात. रागाचे नाव ठरण्याआधीही ती स्वरसंगती कोणीतरी गातच असतो. नाव उशिरा आले म्हणून ती संगती दुसऱ्या कुठल्या रागाची ठरत नाही.

पुढे कोणी काय उचलले याविषयी कोथरूडच्या आक्षेपाशी मी बराच सहमत आहे. म्हणूनच मी वारशावर भर दिलेला नाही. आवाजाचे स्थान आणि रिफचे वजन, ही दोन्ही लक्षणे १९८५ सालच्या ध्वनिमुद्रणातच ऐकू येतात, त्यासाठी १९८७ साल माहीत असण्याची गरज नाही. ‘रेन इन ब्लड’चा प्रभाव कितीही मोठा असला, तरी त्यातील गायन रिफच्या वरच राहते आणि म्हणून ते थ्रॅशच राहते.

राहिला ‘डेथ-थ्रॅश’ हा जोडशब्द. तो उपयोगी आहे, परंतु त्याचा विग्रह कसा करायचा हे ठरवले पाहिजे. ‘डेथ आणि थ्रॅश’ असा द्वंद्व समास मानला तर दोन्ही पदे समान ठरतात, आणि मग तो शब्द काहीच निर्णय देत नाही. मराठीत ‘नीलकमल’ म्हणताना जसे दुसरे पद मुख्य आणि पहिले त्याचे विशेषण असते, तसा कर्मधारय मानला तर ‘डेथ-थ्रॅश’ म्हणजे डेथ मेटलची छटा असलेले थ्रॅश. या अर्थाने तो शब्द फार नेमका आहे आणि मी तो क्रिएटर या जर्मन बँडच्या १९८६ सालच्या ‘प्लेझर टू किल’साठी राखून ठेवीन. त्यातील मिले पेट्रोझा आणि वेंटर या दोघांचे आवाज कर्कश आहेत, वेग भयानक आहे, पण रिफ पुन्हा पुन्हा दाबलेल्या तारेवरच्या आघातावर परत येतात आणि वजन तिथेच पडते. ‘सेव्हन चर्चेस’मध्ये पदांचा क्रम उलटा आहे: ठेका थ्रॅशचा, मुख्य पद डेथ मेटल. टिपणवहीत मी शैलीच्या रकान्यात ‘डेथ मेटल’ लिहिणार आहे आणि शेऱ्यात ‘ठेका थ्रॅशचा’ हे दोन शब्द. कोथरूडच्या मित्रांची ‘थ्रॅश मेटल’ ही भूमिकाही त्याच शेऱ्यात त्यांच्या कारणांसह नोंदवली जाईल, कारण स्लेअरविषयीचा त्यांचा प्रश्न पुढच्या ऐकणाऱ्यालाही पडायला हवा.